तीन डोलकाठ्यांचं जहाज

चऱ्होली, १८ जून २०२३

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर काही पाठवलं तर तू उघडत नाहीस, म्हणून हा कागद. हॉस्टेलात असताना लिहायचे तसा.

एक काम आहे. आमचे अण्णा, म्हणजे गणराजचे बाबा, घरात बसून कंटाळतात. जन्मभर चिंचवडला लेथवर उभा राहिलेला माणूस, आता त्याने करायचं काय? सकाळी आम्ही दोघं हिंजवडीच्या कॅबमध्ये बसतो ते अंधार पडल्यावर परत येतो. तोवर अण्णा सोसायटीच्या गेटवर जाऊन वॉचमनला विचारत बसतात, देवगडची एसटी कुठून मिळेल म्हणून. दोनदा तर पिशवी घेऊन निघाले आणि आळंदी रस्त्याला सापडले. गावी त्यांचं घर आहे ना खाडीच्या काठी, तिथे जायचंय. रिटायर झाल्यापासून तेच टुमणं.

तुझ्या घरी आले होते तेव्हा तुझ्या लाकडी जहाजांसमोरून हलायला तयार नव्हते, आठवतंय? तसा एखादा संच आणावा म्हणतेय. पेटीत सुटे तुकडे असतात ते जोडत जायचे, तसाच ना तो? पहिल्यांदाच करणाऱ्याने कोणता घ्यावा? आणि कोणता घेऊ नये, तेही लिही. जरा पुरायला हवा.

तुझी,
करिष्मा


काळेवाडी, २४ जून २०२३

चि. करिष्मास अनेक आशीर्वाद.

पोरी, पत्र वाचून पोट भरलं. सासऱ्याचा एवढा विचार करणारी सून मी तरी आमच्या आळीत पाहिली नाही. तुझी आई आज असती तर हे पत्र घेऊन घरोघर फिरली असती.

आता नीट ऐक. मी फाउंड्रीत लाकडाचे नमुने करायचो, ज्यांच्यावरून वाळूत साचा घेतात ते. तिथल्या धडधडीने कान खाल्ले, पण हातांना लाकडाची चटक लागली ती लागलीच. रिटायर झाल्यावर पहिला संच आणला तो सगळ्यात मोठा. इंग्रजी पुस्तिका समोर, डिक्शनरी मांडीवर. तुझी मामी म्हणायची, दहावीला एवढा अभ्यास केला असतात तर साहेब झाला असतात. ते जहाज अजून माळ्यावर अर्धवट आ वासून पडलंय.

म्हणून सांगतो. पहिल्या खेपेला एका डोलकाठीची, सपाट बुडाची मासेमारीची होडी घे. कणा आणि फासळ्या आधीच कापून आलेल्या हव्यात, खाचेत खाच आपोआप बसली पाहिजे. वरून पट्ट्यांचा एकच थर. दोरकाम अगदी थोडं, कारण म्हाताऱ्या बोटांना बारीक गाठी म्हणजे शिक्षाच. पुस्तिकेत शब्द कमी आणि चित्रं जास्त असलेली बघ. होडी हातभर लांब असावी. त्याहून लहान घेतलीस तर तुकडे चिमट्यातही धरवत नाहीत.

आणि तीन डोलकाठ्यांचं, तोफांचं लढाऊ जहाज पेटीवर कितीही देखणं दिसलं, दुकानदाराने कितीही गळ्यात मारलं, तरी हात लावू नकोस. पट्ट्यांचे दोन थर, दोऱ्यांचं जाळं, डाव्या-उजव्या बाजूंचा तोल. नवा माणूस त्यातून पार होत नाही. पहिलं काम कसंही होवो, पण पुरं झालं पाहिजे. अर्धं राहिलेलं रोज नजरेला टोचत राहतं.

अण्णांचे हात कसे आहेत? थरथर आहे का? ते कळव, मग मी दुकानाचं नाव सुचवतो.

तुझा,
दौलतमामा


चऱ्होली, ९ जुलै २०२३

प्रिय मामा,

तुझं पत्र फार उपयोगी पडलं. काय घेऊ नये ते इतकं नीट लिहिलं होतंस की निवडायला वेळच लागला नाही.

आता ओरडू नकोस. तीन डोलकाठ्यांचंच घेतलं. तोफा, दोन थर, दोऱ्यांचं जाळं, सगळं आहे. पेटी एवढी जड की आणून देणारा पोरगा लिफ्टपाशीच टेकला. पेटीवरचं चित्र बघून अण्णा असे हसले की मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं. हात थरथरतात, हो. डॉक्टर म्हणतात वाढत जाईल.

गणराजने त्यांना सांगितलंय, "अण्णा, हे जहाज पुरं करा. शेवटची दोरी बांधलीत की दुसऱ्या दिवशी तुम्हाला देवगडला घरी नेऊन सोडतो. कायमचं." मामा, तेव्हापासून गेटवर जाणं बंद! वॉचमन विचारत होता, काका आजारी आहेत का म्हणून.

पुस्तिका इंग्रजीत आणि इटालियनमध्ये आहे. अण्णा ती उलटीसुलटी करून बघत बसतात. बसू देत. तू उगाच दगदग करू नकोस, त्यांचं ते बघतील.

तुझी,
करिष्मा


काळेवाडी, १६ जुलै २०२३

सोनबाराव यांस दौलतरावाचा नमस्कार.

सुनेनं जहाज आणल्याचं कळलं. तिला मी नको म्हणालो होतो, पण प्रेमाने आणलेल्या वस्तूला नावं कशाला ठेवायची. योगायोग बघा, पेटीचा फोटो मागवून पाहिला, तर हेच जहाज माझ्या माळ्यावर आहे. त्याची पुस्तिका मी मराठीत उतरवून काढली, ती सोबत पाठवतोय. चित्रांना नंबर तेच आहेत.

एक गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवा. पट्ट्या लावताना एक डावीकडे लावलीत की दुसरी उजवीकडे. आधी एक बाजू संपवून मग दुसरी घेतो म्हणालात, तर सुकताना पट्ट्या कण्याला ओढतात आणि त्याला पीळ बसतो. कण्याला पीळ बसला की मग काही इलाज नाही. माझं तिथेच बिघडलं.

पट्टी वाकत नसेल तर कोमट पाण्यात भिजवा. जोर लावू नका. आणि अडलं तर लिहा, मला तरी दुसरा उद्योग काय आहे?

आपला,
दौलतराव


चऱ्होली, ३ डिसेंबर २०२३

दौलतराव यांस स. न. वि. वि.

अक्षराकडे बघू नका, हात हलतो. तुमची मराठी पुस्तिका म्हणजे देवच पावला. कणा उभा राहिला, फासळ्या बसल्या, पहिला थर पुरा झाला, दुसरा निम्म्यावर आला. तुम्ही सांगितलंत तसंच, एक डावी, एक उजवी. थरथरीवर मी एक युक्ती काढली. कोपर पंच्याने टेबलाला बांधून टाकतो. लेथवर नग चकात धरतो ना, तसा हातच धरून टाकला. मग बोटं फार नाचत नाहीत. सूनबाई बघून म्हणाली, अण्णा, हे काय कैद्यासारखं? म्हटलं, बाई, सुटायसाठीच बांधलाय.

घरात वस्तू हरवतात. चष्मा गेला, तो पिठाच्या डब्यामागे सापडला. पट्ट्यांचं एक पुडकं गेलं ते गेलंच. सूनबाई म्हणते, तुम्हीच कुठंतरी ठेवता आणि तुम्हालाच आठवत नाही. असेल. डोक्याचा आता भरवसा देता येत नाही. पण पुडकं नाही म्हटल्यावर काम अडलंय. तुमच्याकडे तसलं लाकूड असेल तर बघा.

तुमच्याशी गजाली माराव्याशा वाटतात म्हणून लिहितो. आमची सावित्री, गणराजची आई, सगळा जन्म त्या घरात एकटी राहिली. मी इथं पिंपरी-चिंचवडला खोलीवर. गणपतीला जायचो, मे महिन्यात जायचो. रिटायर झालो की येतो, म्हणून सांगून ठेवलं होतं. रिटायर झालो त्याच पावसात ती गेली. आता मी तिथं एकटा राहीन. तिनं काढली तेवढी वर्षं काढायला माझ्याकडे नाहीत, पण जेवढी आहेत तेवढी काढीन. पडवीत तिचं उखळ आहे. त्याच्याजवळ बसायचं. एवढंच काम आहे माझं तिकडं, दुसरं काही नाही.

आपला,
सोनबा


काळेवाडी, १० डिसेंबर २०२३

चि. करिष्मास आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्याने मला तोंडात बोट घालायला लावलं. फोटो पाठवला होतास तो शेजारच्या पोराच्या फोनवर मोठा करून पाहिला. माझं जिथे फसलं तिथून ते कधीच पुढे गेलेत. आणि त्या हातांनी!

हरवलेल्या पट्ट्यांऐवजी मी शिसवीच्या कापून पाठवतोय, संचातल्यापेक्षा सरस आहेत. दिव्याचं भिंगही पाठवतोय, ते टेबलाला स्क्रूने बसतं, म्हणजे हरवायची भीती नाही. आणि हळू आवाजात सांगतो, त्यांना आठवत नाही असं त्यांच्या तोंडावर नको म्हणत जाऊस. म्हाताऱ्या माणसाला ते आत कुठेतरी लागतं.

या चालीने शिमग्यापर्यंत डोलकाठ्या उभ्या राहतील. गणराजला म्हणावं, रजा सांगून ठेव. देवगडला कुणाला तरी किल्ली देऊन घर झाडून घ्या. बंद घराला वाळवी लागायला वेळ लागत नाही.

तुझा,
दौलतमामा


चऱ्होली, ४ फेब्रुवारी २०२४

मामा,

पट्ट्या झाल्या, भिंग झालं, चिमटे झाले, दोऱ्याला लावायचं मेण झालं. दर आठवड्याला तुझं पार्सल. आता बंद कर. तुला सांगायचं नव्हतं, पण तू थांबतच नाहीस.

देवगडला घर नाही. सासूबाई गेल्यावर अण्णा दवाखान्यात होते, तेव्हाच गणराजने त्यांच्या सह्या घेतल्या. घर विकलं तेव्हा हा फ्लॅट झाला. ज्याने घेतलं त्याने ते पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. मी फोटो पाहिलाय. पडवी होती तिथे गाड्या लागतात. अण्णा सारखे ज्या उखळाबद्दल बोलतात ते कुठे गेलं, कुणाला माहीत नाही. गणराजला विचारलं तर म्हणाला, दगड होता, दगडात गेला असेल.

विकून गणराज मोकळा झाला. रोज "कधी जायचं?" ऐकायला मी. तो जहाजाची अट घालून कॅबमध्ये जाऊन बसला, आणि ती अट पुरी होणार नाही हे बघणं माझ्याकडे आलं. तूच लिहिलं होतंस ना, नवा माणूस यातून पार होत नाही? त्या ओळीवर बोट ठेवून मी ती पेटी मागवली. वाटलं, दोन-चार वर्षं निघतील, हात आणखी जातील, मग डोकंही जाईल आणि विसरतील.

चष्मा मी ठेवला होता. पट्ट्यांचं पुडकं मी कचऱ्यात टाकलं. तू त्याहून चांगल्या कापून पाठवल्यास.

करिष्मा


काळेवाडी, ११ फेब्रुवारी २०२४

करिष्मा,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

पुडकं तुझ्या हातात, आणि त्या माणसाला म्हणतेस तुम्हाला आठवत नाही? त्याने ते खरं मानलं. मला पत्रात लिहिलं त्याने, की माझ्या डोक्याचा भरवसा नाही. शहाण्या माणसाला घरातल्या घरात वेडा ठरवायला निघालात तुम्ही! आणि माझं पत्र त्यासाठी हत्यार केलंस. मी पोटतिडकीने लिहिलं काय आणि तू वाचलंस काय!

गणराजला म्हणावं, बापासमोर बस आणि सांग. तो सांगत नसेल तर मी येतो आणि मी सांगतो. माझे कान गेलेत, जीभ शाबूत आहे.

दौलत


चऱ्होली, १६ फेब्रुवारी २०२४

मामा,

ये ना. ये आणि सांग.

ते टेबलाशी बसलेले असतील, कोपर बांधून. तिसरी डोलकाठी उभी झालीय, थोडं दोरकाम राहिलंय. पलंगाखाली बॅग भरून ठेवलीय. त्यात दोन धोतरं, सासूबाईंचा फोटो आणि उखळ पुसायला म्हणून एक नवं फडकं. त्यांच्यासमोर बस आणि सांग, सोनबाराव, घर पाडलं. तुमच्या मुलाने विकलं. तिथे आता गाड्या लागतात. एवढं बोल, आणि मग बस पकडून काळेवाडीला जा, आपल्या जहाजांमध्ये बस.

पुढचं मी बघते. मागचंही मीच बघितलं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा अण्णांनी अन्न सोडलं होतं. तोंड उघडून चमच्याने भरवलं ते मी. अंथरूण धुतलं ते मी. गणराज म्हणायचा, मला बघवत नाही. त्याला बघवत नाही, तुला राहवत नाही, आणि करायचं मात्र मी. वर वाईट कोण? मीच. चालेल.

दुसरा एक रस्ता आहे. अण्णा म्हणतात, दौलतरावांनी एकदा बघून पास केलं की निघू. गणराजच्या शब्दापेक्षा त्यांना तुझ्या शब्दाचं वजन आहे. तू ये, जहाज बघ, आणि काहीतरी चूक काढ. जन्म लाकडात गेला तुझा, एक चूक नाही सापडायची? थोडं उकलायला लाव. पावसाळा निघून जाईल. त्यांना करायला काम राहील आणि वाट बघायला घर राहील. नाहीतर ते आधीचं बोल, मी वर सांगितलं ते. त्यातलं काय करायचं ते तू ठरव, मामा. आमच्या घरात येऊन चांगलं वागणं फार सोपं आहे.

करिष्मा


काळेवाडी, २१ फेब्रुवारी २०२४

करिष्मा,

तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

रविवारी येतो. डोलकाठी तिरकी आहे असं काहीतरी म्हणेन. तेवढंच. एका काठीचं दोरकाम सोडून पुन्हा बांधावं लागेल, त्यात पावसाळा जाईल. त्याहून जास्त मला सांगू नकोस. पुन्हा कधी विचारूही नकोस.

जेवायला थांबणार नाही.

दौलत


चऱ्होली, २ मार्च २०२४

दौलतराव यांस स. न. वि. वि.

रविवारी तुम्ही इतक्या लांबून आलात आणि पाणीही न पिता गेलात, म्हणून रुखरुख लागली आहे. तुमचा चेहरा उतरलेला होता. माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त वाईट वाटलं, हे मी बघितलं. म्हणून हे पत्र.

तुम्ही डोलकाठ्यांपासून सुरुवात केलीत. म्हणालात, मधली जरा तिरकी वाटते. मी म्हटलं, थांबा, डोळ्यावर कशाला जाता, ओळंबा आहे माझ्याकडे. तिन्हीला लावून दाखवला. तिन्ही सरळ. तेव्हा मीच म्हटलं, आता कण्याचा पीळ बघा, तुम्ही तेवढीच एक भीती घातली होतीत. तुम्ही दोन टोकांना दोन पट्ट्या आडव्या ठेवल्यात, त्या एका पातळीत दिसतात का ते एक डोळा मिटून बघितलंत. बराच वेळ बघितलंत. आणि म्हणालात, "आहे, सोनबाराव. थोडा आहे." मी पण डोळा लावला. मला दिसेना. पण माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलात!

तुम्ही म्हणालात, वरचं दोरकाम सोडा, वजन ठेवून दाबू, पावसाळाभरात येईल सरळ. ते मला बरं वाटावं म्हणून बोललात. कण्याला पीळ बसला की इलाज नाही, हे तुम्हीच लिहिलेलं आहे, कागद माझ्याकडे आहे. आणि मी कारखान्यातल्या शॉपमधला माणूस, दौलतराव. आमच्याकडे रीत होती. इन्स्पेक्शनने नापास केलेला नग डागडुजी करून पुढे ढकलायचा नाही. बाजूलाही ठेवायचा नाही, नाहीतर चांगल्या मालात मिसळतो. ज्याने केला त्यानेच तो सगळ्यांसमोर फोडायचा. मी उभ्या नोकरीत दोनच फोडले, पण फोडले.

तुम्ही खाली रिक्षात बसलात ते खिडकीतून बघितलं. मग हातोडी घेतली. पहिल्या घावाला फुटलं नाही. चिकटलं चांगलं होतं. तुमच्या शिसवीच्या पट्ट्या तर शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. सूनबाई धावत आली, अण्णा काय करताय म्हणून ओरडली. तिला म्हटलं, मध्ये पडू नको, रीत आहे. दुसऱ्या दिवशी घंटागाडीत दिलं. बॅगेतले कपडे कपाटात लावले.

आता मागणं. पहिल्या वेळी मला जे आणून दिलं ते मी घेतलं. या वेळी तुम्ही निवडा. लहान निवडा. एका काठीची, साधी, पोरासोरांना जमेल अशी. देखणी नको. गणराजने शब्द दिलाय तो जहाजाचा दिलाय, मोठ्या जहाजाचा असं काही म्हणाला नव्हता. हात दिवसेंदिवस जातोय. पंचा दोन वेढे जास्त लागतो. एवढी एक पास होईल अशी द्या, म्हणजे मी घरी जाईन.

आपला,
सोनबा


चऱ्होली, ३ मार्च २०२४

मामा,

अण्णांनी जहाज फोडलं ते त्यांनी लिहिलंच असेल. पत्र मीच पोस्टात टाकलं, वाचून.

घंटागाडीत द्यायच्या आधी मी तुकडे गोळा करत होते. कणा अख्खा राहिला होता. काचेच्या टेबलावर ठेवून बघितला. चहूबाजूंनी टेकला, खाली कागदसुद्धा सरकेना. मग तोही पिशवीत टाकला.

तुला आता सांगायचं असेल तर मी अडवणार नाही. गणराजलाही गप्प बसवते. फक्त, घर नाही एवढं सांगून तुझं भागायचं नाही. पीळ नव्हता, हेही सांगावं लागेल.

करिष्मा


काळेवाडी, १७ मार्च २०२४

सोनबाराव यांस दौलतरावाचा नमस्कार.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, माफ करा. बरीच दुकानं हिंडलो, मग लिहायला बसलो.

नग फोडलात ते तुमच्या रीतीला धरून झालं. त्याचं दुःख करू नका. माझ्यासारख्या लाकडात जन्म काढलेल्याला जिथपर्यंत पोचता आलं नाही, तिथे तुम्ही थरथरत्या हाताने पोचलात. असा हात कुणाला मिळत नाही.

तुम्ही लहान होडी मागितलीत. मी हातात घेऊन बघितली, आणि खाली ठेवली. खेळणं आहे हो ते. एवढं मोठं काम केलेल्या माणसाने त्याच्यात मन कसं घालावं? चार दिवसांत विटाल. म्हणून मी तुमच्यासाठी चार डोलकाठ्यांचं निवडलंय. पट्ट्यांचे दोन थर, तोफांच्या तीन ओळी, आणि दोरकाम तर विचारू नका, बघूनच डोळे निवतात. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, कोरीव बाई आहे, ती तेवढी तुम्हालाच कोरायची आहे, तयार येत नाही. पेटी येत्या आठवड्यात घरी येईल. माझ्याकडून भेट समजा, काही बोलू नका.

पुस्तिका मी मराठीत उतरवतोय. या खेपेला एकदम पाठवणार नाही, थोडी थोडी पाठवीन, म्हणजे पुढच्या पानांकडे बघून जीव दडपणार नाही. पंचा फार आवळत जाऊ नका, रक्त अडतं. आतून सुती फडक्याची घडी घाला. दुपारी थोडं पडत जा. जेवणाकडे दुर्लक्ष करू नका, करिष्मा वाढेल ते गुमान खा.

आणि तपासायचं माझ्यावर सोडा. या वेळी शेवटपर्यंत थांबणार नाही, प्रत्येक टप्प्याला मी स्वतः येईन, पट्ट्या ठेवून बघेन, काही असेल तर तिथल्या तिथे सांगेन. म्हणजे पुन्हा हातोडी घ्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही. चुकलं तर तेवढंच उकलायचं आणि पुन्हा लावायचं. आपल्याला कुठे गिऱ्हाइकाला माल द्यायचाय?

घाई करू नका, सोनबाराव. घर कुठे पळून जातंय?

आपला,
दौलतराव